देसूर, सांबरे, सुळेभावी: लहान स्थानकाचं खरं वय कसं ठरवायचं?

येळ्ळूर_वाचक

नमस्कार मंडळी. गावच्या वाचनालयात एक मोठा माहितीफलक लावायचा आहे. विषय: बेळगाव शहराच्या दोन्ही अंगांची लहान रेल्वे स्थानकं. लोंढ्याकडे देसूर आणि इदलहोंड, मिरजेकडे सांबरे आणि सुळेभावी. मोठ्या स्टेशनबद्दल सगळेच लिहितात, या चौघांबद्दल कोणी दोन ओळीही लिहीत नाही.

अडचण सालाची आहे. व्हॉट्सॅपवर फिरणाऱ्या मजकुरात एके ठिकाणी १८५३, दुसरीकडे १८८५, तिसरीकडे "दीडशे वर्षांपूर्वीचं ब्रिटिशकालीन स्थानक" असं आहे. फलक एकदा रंगवला की वीस वर्षं तसाच राहणार, म्हणून चूक नको. स्थानक कोणत्या साली सुरू झालं हे नक्की कसं काढायचं? दुपदरीकरणानंतर जे काही जुनं बांधकाम उरलं आहे त्यावरून वय सांगता येतं का? कुंपणाला जुने रूळ उभे केलेले दिसतात, त्यांवर अक्षरं आहेत, ती धरायची का? आणि कागद कुठं मागायचे, खर्च किती येतो, तेवढं सांगा की.

मीटरगेज_मिरज

आधी १८५३ पुसून टाका. ते साल बोरीबंदर ते ठाणे गाडीचं. त्या वेळी बेळगावचा माल बैलगाडीनं घाट उतरून वेंगुर्ल्याच्या बंदराला जात होता. शहरातल्या वेंगुर्ला रोडचं नाव त्यावरूनच.

आपल्याकडची लाइन दुष्काळातून आली. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात धान्य आत पोचवायला मार्गच नव्हता. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगानं अशा मुलखात रेल्वे टाकायची शिफारस केली आणि १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी उभी राहिली. रूळ मीटरगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर १००० मिलिमीटर. कमी खर्चात जास्त लांबी टाकता यावी हा हिशेब.

लोंढा ते बेळगाव १८८७ साली जोडलं गेलं. पुढं मिरजेवरून पुण्यापर्यंतचा सलग मार्ग १८९० मध्ये पूर्ण झाला. गोव्याच्या बाजूनं कॅसल रॉक ते मुरगाव बंदर हा पोर्तुगीज हद्दीतला मार्ग १८८८ चा, आणि तो झाल्यावरच वेंगुर्ल्याची गाडीवाट ओस पडायला लागली. त्यामुळं "१८८५ ला बेळगावात रेल्वे आली" हेही चूक. त्या साली कंपनीचं काम पूर्वेकडं जोरात होतं, इथं गाडी धावत नव्हती.

पण खरा घोटाळा पुढंच आहे, आणि जवळजवळ सगळे लेख इथं घसरतात. मार्गाचं साल म्हणजे स्थानकाचं साल नव्हे. एकेरी मार्गावर सुरुवातीला मोजकीच स्थानकं असत. गाड्या वाढल्या की दोन गाड्यांना एकमेकींना वाट देण्यासाठी मध्ये नवीन क्रॉसिंग स्टेशन घालावं लागे. काही ठिकाणी आधी नुसता थांबा, मग तिकीटखिडकी, मग लूप लाइन (गाडी बाजूला थांबवायचा जोडमार्ग) असा प्रवास झालेला असतो. म्हणून देसूर १८८७ चंच असेल असं मार्गाच्या सालावरून म्हणता येत नाही, आणि नसेल असंही म्हणता येत नाही. चारही स्थानकं वेगवेगळी तपासा.

फलकावर मालकीचा क्रम हवा असेल तर असा. १९०८ मध्ये मद्रास रेल्वेशी जोडणी होऊन मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली. १ एप्रिल १९४४ ला तिचा कारभार सरकारनं घेतला. १४ एप्रिल १९५१ ला दक्षिण रेल्वे, २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य, १ एप्रिल २००३ पासून दक्षिण पश्चिम, मुख्यालय हुबळी. मिरज मात्र आज मध्य रेल्वेच्या पुणे विभागात आहे, त्यामुळं एकाच जुन्या मार्गाचे कागद दोन रेल्वेंत विभागले गेलेत.

टिळकवाडी_तिसरं_गेट

बांधकामावरून वय सांगता येतं, पण थेट साल नाही मिळत. कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीच्या आधी, एवढंच मिळतं. तेवढं नीट वाचलं तरी पुष्कळ.

सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे फलाटाची कड. मीटरगेजचा उंच फलाट रुळाच्या पातळीपासून ३०५ ते ४०५ मिलिमीटर, म्हणजे ढोपराच्याही खाली. ब्रॉडगेजचा (आजच्या रुंद मार्गाचा) उंच फलाट ७६० ते ८४० मिलिमीटर. मिरज ते लोंढा मार्ग १९९० च्या दशकात रुंद झाला (सगळे मार्ग एकाच मापाचे करायची युनिगेज योजना १९९२ ची), त्या वेळी आणि नंतर फलाट चढवत नेले. पाडून नव्यानं बांधण्यापेक्षा जुन्यावरच थर देणं स्वस्त, म्हणून बऱ्याच ठिकाणी फलाटाच्या भिंतीत खाली घडीव दगड, वर वीट किंवा काँक्रीट असा फरक दिसतो. मध्यम उंचीची, ४५५ मिलिमीटरची पायरीही मध्ये येऊन गेलेली असू शकते, म्हणजे दोन नव्हे तीन थर. फलाटाच्या टोकाला, जिथं उतार सुरू होतो, तिथं हे थर उघडे राहतात. मधल्या भागात गिलावा मारलेला असतो, तिथं काही कळत नाही.

दुसरी खूण: फलाट चढवला पण खोली तशीच ठेवली, तर खोलीत शिरताना पायरी उतरावी लागते आणि झरोके डोळ्यांच्या उंचीवर येतात. अशी खोली फलाट चढवण्याच्या आधीची, म्हणजे ती मीटरगेजच्या काळातली असण्याची शक्यता मोठी. पायरी चढून जावी लागत असेल तर खोली नवी असेल किंवा मुळातच उंच जोत्याची असेल. इथं घाईनं निकाल देऊ नका.

तिसरी, पाण्याची टाकी. वाफेच्या इंजिनाला वाटेत पाणी लागायचं, पण प्रत्येक स्थानकात नाही. दगडी बुरुजावर बिडाची टाकी ही जुनी पद्धत. चार फूट बाय चार फूट दाबलेल्या पोलादी पत्र्याचे चौकोन बोल्टांनी जोडलेली टाकी विसाव्या शतकातली. टाकी नाही म्हणजे स्थानक नवं, असा अर्थ काढू नका. पाणी बहुधा मोठ्या स्थानकातच भरत.

आता कुंपणाच्या रुळांचं. रुळाच्या पोटावर (मधल्या उभ्या पट्टीवर) उठावाची अक्षरं असतात: कारखाना, वजन, साल आणि बहुधा रोमन आकड्यात महिना. वजन पौंड प्रति यार्डात. ६० पौंडी म्हणजे मीटरला सुमारे २९.८ किलो, ७५ पौंडी म्हणजे ३७.२ किलो, ९० पौंडी म्हणजे ४४.६ किलो. ६० पौंडी रूळ दिसला तर तो बहुतेक मीटरगेजचा. ९० पौंडी दिसला तर बहुधा ब्रॉडगेजचा.

वाचायची रीत: गंज घासू नका. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी ऊन तिरपं असताना जा, नाहीतर बाजूनं टॉर्च धरा, अक्षरं आपोआप उठून दिसतात. कागद ठेवून मेणखडूनं ठसा घेतला तर फोटोपेक्षा स्वच्छ येतो. बाहेर रस्त्याच्या बाजूचे खांब असतील तेवढेच बघा. आत रुळांवर उतरलात तर रेल्वे कायदा १९८९, कलम १४७, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि पडलेला तुकडा "आठवण" म्हणून घरी नेलात तर तो रेल्वे मालमत्तेचा वेगळा गुन्हा.

पण सालाला भुलू नका. मुख्य मार्गावर झिजलेला रूळ काढून आधी लूपमध्ये, मग सायडिंगमध्ये आणि शेवटी कुंपणात किंवा शेडच्या खांबात जातो. तोही दुसऱ्याच स्थानकातून आलेला असू शकतो. रुळावर १९३० असेल तर कुंपण १९३० नंतरचं, एवढंच सिद्ध होतं. स्थानकाबद्दल काहीच नाही.

येळ्ळूर_वाचक

मेणखडूची युक्ती छान. म्हणजे डोळ्यांनी बघून "आधी-नंतर" कळणार, साल मात्र कागदातूनच. गॅझेटिअरमध्ये मिळेल का? वाचनालयात बेळगाव जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर आहे.

दप्तर_खोली

जुनं म्हणजे मुंबई इलाख्याचं, खंड २१, तर ते १८८४ चं आहे. गाडी आली १८८७ ला. त्यात बैलगाडीच्या वाटा, घाट, बाजार हे सगळं भरपूर मिळेल आणि "रेल्वेआधीचं बेळगाव" या चौकटीसाठी ते सोन्यासारखं आहे. स्थानकाचं साल मात्र तिथं शोधू नका.

कागद तीन दिशांनी मागा.

पहिली दिशा रेल्वे. माहिती अधिकारात अर्ज हुबळी विभागीय कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडं. केंद्राचं खातं असल्यामुळं केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही करता येतो. राज्य सरकारच्या पोर्टलवर टाकला तर तो फिरत राहील, ही नेहमीची चूक. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ. ए-४ पानाला २ रुपये. कागद जागेवर बघायचे असतील तर पहिला तास फुकट, पुढच्या प्रत्येक तासाला ५ रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर नाही आलं किंवा अपुरं आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत दुसरं.

अर्ज फेटाळला जातो तो बहुतेक वेळा प्रश्न विचारल्यामुळं. "देसूर स्थानकाचा इतिहास काय?" असं लिहिलंत तर "अशी माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही" हे उत्तर ठरलेलं. इतिहास मागू नका, कागदाचं नाव घेऊन त्याची प्रत मागा. उदाहरणार्थ:

स्थानकाच्या हद्दीतील आणि दोन्ही बाजूंच्या पुला-मोऱ्यांच्या पूलनोंदवहीतील उतारे, बांधकाम वर्षाच्या रकान्यासह. गेज रूपांतरापूर्वीचा यार्डाचा नकाशा. स्थानकाच्या जमिनीचा नकाशा. स्थानक उघडण्याबाबतची किंवा थांब्याचं स्थानक करण्याबाबतची अधिसूचना, असल्यास.

यातली पूलनोंदवही विसरू नका. इमारती पाडल्या जातात, पण मोरीला क्रमांक असतो आणि नोंद टिकते. मार्गाच्या मोऱ्यांचं वर्ष एक आणि यार्डाच्या रुंदीत वाढवलेल्या मोरीचं वर्ष दुसरं निघालं, तर लूप लाइन नंतर पडली याचा चांगला पुरावा हातात येतो. फक्त नवा दुसरा मार्ग टाकताना मोऱ्या पुन्हा लांबवल्या गेल्यात हे लक्षात ठेवा. लोंढा–बेळगाव–घटप्रभा दुपदरीकरणाचं राष्ट्रार्पण २७ फेब्रुवारी २०२३ ला झालं. बेळगाव स्टेशनची नवी इमारतही त्याच दिवशी. तेव्हा नकाशा मागताना "दुपदरीकरणापूर्वीचा" आणि "गेज रूपांतरापूर्वीचा" हे दोन शब्द वेगवेगळे लिहा.

दुसरी दिशा महसूल. स्थानकाची जमीन कोणत्या कायद्याखाली घेतली ते बघा. १८८७ च्या मार्गासाठीची जमीन १८७० च्या भूसंपादन कायद्याखालची. १८९४ नंतर घेतलेली असेल तर निवाड्यावर १८९४ चा कायदा येतो. एकाच स्थानकाच्या शेजारच्या दोन सर्व्हे नंबरांत दोन कायदे दिसले, तर यार्ड नंतर वाढलं. गावचा आजचा उतारा घेऊन सुरुवात करा, त्यातले रेल्वेकडचे सर्व्हे नंबर टिपा आणि मग मागं जा. जुने कागद मोडी लिपीतले निघाले तर मोडी वाचणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, ऐन वेळी धावपळ होते. जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबईकडं होता, म्हणून त्याआधीच्या शासकीय फायलींसाठी मुंबईच्या पुराभिलेखागारात, काळाघोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, सार्वजनिक बांधकाम खात्याचे रेल्वेविषयक खंड चाळावे लागतात. बेंगळूरला जाऊन १८९० ची फाइल मागण्यात अर्थ नाही.

तिसरी दिशा छापील वार्षिक अहवाल. भारतातल्या रेल्वेंच्या कारभाराचे वर्षवार अहवाल निघत. त्यांत त्या वर्षी उघडलेले टप्पे, तारीख आणि मैल असतात. मार्गासाठी हे पक्कं. मधल्या लहान स्थानकांसाठी मात्र वेळापत्रकं. सालागणिक वेळापत्रकं लावा: एका वर्षी नाव नाही आणि पुढच्या उपलब्ध वर्षी आहे, तर उघडण्याचं साल त्या दोनांच्या मध्ये. मध्ये दहा वर्षांची पोकळी असेल तर फलकावर तसंच दहा वर्षांचं अंतर लिहा.

खानापूर_ते_लोंढा

वेळापत्रकाचं निघालंच आहे म्हणून. १९०६ च्या आधीच्या वेळापत्रकातल्या वेळा जशाच्या तशा फलकावर टाकू नका. तेव्हा रेल्वे मद्रास वेळेनं चालायची. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापेक्षा सुमारे नऊ मिनिटं पुढं. "तेव्हाही गाडी याच वेळेला यायची" अशी गमतीची वाक्यं याच नऊ मिनिटांत फसतात.

गावात कोणाकडं जुनं जाड पुठ्ठ्याचं तिकीट असेल तर ते मागा, नुसता फोटो घेतला तरी चालेल, दोन्ही बाजूंचा. साधारण ५७ बाय ३० मिलिमीटरचं. त्यावर तारीख यंत्रानं दाबलेली असते, शाईची नसते, म्हणून तिरप्या उजेडात बघा. तारीख पुसट असली तरी बाकी खुणा बोलतात. दर आण्यांत असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, "नये पैसे" असेल तर १९५७ ते ६४ मधलं. तिसरा वर्ग छापलेला असेल तर १९७४ च्या आधीचं. कोपऱ्यात रेल्वेची आद्याक्षरं असली तर वर मिरजवाल्यांनी दिलेल्या क्रमाशी लावा. आणि तिकिटावर देसूरचं नाव छापलेलं असेल तर त्या तारखेला देसूरला तिकीट देण्याची सोय होती, हे कुठल्याही अर्जाशिवाय सिद्ध झालं.

सरकारी कागदावर तारीख नसेल तर राज्याचं नाव बघा. १९५६ च्या आधी मुंबई, मग म्हैसूर, १ नोव्हेंबर १९७३ नंतर कर्नाटक. स्थानकाच्या पाटीच्या फोटोत "बेळगावी" असेल तर तो १ नोव्हेंबर २०१४ नंतरचा. स्थानकाचा संकेत मात्र अजून बीजीएमच आहे, त्यावरून काही ठरवू नका.

नावांची एक चूक फलकांवर फार दिसते. गोकाक रोड, चिक्कोडी रोड ही काही "रोडवरची" स्थानकं नव्हेत. गाव रुळापासून लांब, तिथून गावाकडं रस्ता जातो, म्हणून "रोड". किर्लोस्करवाडीचं जुनं नाव कुंडल रोड हे त्यातलंच. आणि किर्लोस्करांचा उद्योग मुळात आपल्या बेळगावचा, १९१० च्या सुमारास तो तिकडं गेला. तेवढी एक ओळ फलकावर घालायला हरकत नाही. सांबऱ्याचंही बघा: गावात सगळे सांबरा म्हणतात, विमानतळही सांबरा, रेल्वेच्या पाटीवर सांबरे. शीर्षकात पाटीवरचं नाव घ्या, मजकुरात बोलीतलं चालेल.

मीटरगेज_मिरज

एक भर. "पुण्याहून थेट गाडी" हे वाक्य लिहिणार असाल तर जपून. १९७१ ला पुणे–मिरज रुंद झालं आणि बेळगावची बाजू मीटरगेजच राहिली. पुढची वीसेक वर्षं मिरजेत गाडी बदलावी लागे. मिरजेत तेव्हा तीन मापं एकत्र होती: ब्रॉडगेज १६७६, मीटरगेज १०००, आणि पंढरपूरकडून येणारी बार्शी लाइट रेल्वेची ७६२ मिलिमीटरची. ती १९२७ मध्ये मिरजेपर्यंत आली होती. माल तर हमालांनी एका वाघिणीतून (मालडब्यातून) दुसरीत भरायचा. गेज बदलाचा लहान स्थानकांना खरा फायदा कशात झाला हे सांगायचं तर ही हमाली वाचली, असं सांगा.

येळ्ळूर_वाचक

सगळ्यांचे आभार. अर्ज कागदांच्या नावांनिशी टाकतो, चारही स्थानकांचे वेगळे. पण उत्तर यायच्या आत फलक रंगवायला द्यावा लागणार. सालाच्या जागी काय लिहू?

दप्तर_खोली

चारही स्थानकांना एक अर्ज केलात तर एकाच स्थानकाचं उत्तर देऊन मोकळे होतात, तेव्हा वेगळे करताय ते बरोबर. चाळीस रुपयांचा प्रश्न आहे.

फलकावर दोन ओळी वेगळ्या ठेवा. वरची कायमची, रंगातली: "लोंढा–बेळगाव रेल्वेमार्ग: १८८७". सांबरे, सुळेभावीसाठी ही ओळ चालणार नाही, ती बेळगावच्या पुढच्या मिरज बाजूची. तिथं "लोंढा–मिरज–पुणे सलग मार्ग: १८९०" असं घ्या. खालची ओळ "या स्थानकाची सापडलेली सर्वांत जुनी नोंद:" आणि पुढं सहा इंच बाय दीड इंचाची पत्र्याची पट्टी, दोन स्क्रूंवर. तिकीट सापडलं तर तिकिटाची तारीख, वेळापत्रक सापडलं तर त्याचं साल, पूलनोंदवही आली तर ती. जुनी नोंद मिळत गेली की पट्टी बदलायची. "स्थापना" हा शब्द कुठंही वापरू नका, आणि स्क्रू पितळी घ्या, लोखंडी आपल्या पावसात दोन वर्षांत जाम होतात.